थंडी गोठवणारी, तरीही पाऊसच का? : आकाशातील एका उबदार थराच्या शोधाचा इतिहास

१/
५ जानेवारी १९९८. कॅनडातील मॉन्ट्रियल शहर. तापमान शून्याच्या किंचित खाली, ऐन हिवाळा, आणि हिमवर्षावाची पिढ्यान्‌पिढ्या सवय असलेले लोक. तरीही त्या दिवशी आकाशातून हिम पडले नाही. पडले ते द्रवरूप पाणी, साध्या पावसाच्या थेंबांचे. मात्र ज्या तारेला, फांदीला किंवा छपराला ते थेंब लागत, तिथेच त्यांचे काचेसारख्या पारदर्शक बर्फात रूपांतर होई. थांबत थांबत हा प्रकार पुढचे पाच-सहा दिवस चालू राहिला.

२/
त्या आठवड्याच्या अखेरीस क्वेबेक आणि पूर्व ऑन्टारिओ या भागांत लाखो लोक अंधारात होते. सुमारे ३०,००० लाकडी विजेचे खांब आणि शेकडो पोलादी मनोरे कोसळले होते. हवा गोठणबिंदूच्या खाली असताना पडणारे पाणी हिम का झाले नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळवायला विज्ञानाला दोन शतके लागली. हॉलंडमधील एका काचेच्या गोळ्यापासून निघालेला हा शोध इंग्लंडच्या आकाशातील बलूनमधून नॉर्वेतल्या एका धुकट अरण्यापर्यंत पोहोचला. त्याचीच ही हकिकत.

३/
आधी शब्दांची उकल करून घेऊ. ‘हिम’ म्हणजे ढगात बाष्पापासून थेट घडलेले स्फटिक. ते पिसासारखे तरंगत खाली येतात. ‘गार’ म्हणजे गडगडाटी ढगातील जोरदार ऊर्ध्व प्रवाहात थरावर थर चढून बनलेला बर्फाचा गोळा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर पिके झोडपते ती हीच. आपला विषय या दोहोंहून निराळा आहे. आकाशातून पाणी म्हणून येणारा आणि जमिनीवर टेकताच बर्फ होणारा हा ‘गोठणारा पाऊस’. इंग्रजीत त्याच्या दीर्घ आवर्तनाला ‘आइस स्टॉर्म’ म्हणतात.

४/
पहिला धागा सापडतो तो १७२१ सालच्या हिवाळ्यात. तापमापकामुळे ज्याचे नाव घरोघरी पोहोचले, तो डॅनियल गॅब्रियल फॅरनहाइट तेव्हा हॉलंडमध्ये उपकरणे बनवत होता. पाणी नेमके कोणत्या तापमानाला गोठते, हे त्याला काटेकोरपणे ठरवायचे होते. त्याने काचेच्या एका लहान गोळ्यात पावसाचे पाणी भरले, आतील हवा काढून टाकून त्याचे तोंड बंद केले आणि तो गोळा रात्रभर कडाक्याच्या थंडीत ठेवला.

५/
सकाळी तापमान त्याच्याच मापाने १५ अंश होते, म्हणजे आजच्या भाषेत सुमारे उणे ९ अंश सेल्सियस. गोळ्यातील पाण्याचा एव्हाना दगड व्हायला हवा होता. ते तर नितळ, द्रवरूपच होते. फॅरनहाइटने गोळ्याचे टोक मोडताच पाण्यात बर्फाच्या बारीक पापुद्र्यांची दाटी झाली. पुढे असाच एक गोळा घेऊन जिना चढताना त्याला ठेच लागली, आणि त्या धक्क्यानेही पाणी क्षणात गोठू लागले. ही निरीक्षणे त्याने १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

६/
या अवस्थेला आज ‘अतिशीत पाणी’ म्हणतात. शून्य अंश हे बर्फ वितळण्याचे पक्के तापमान आहे. पाणी गोठण्याचे मात्र नाही. गोठण्यासाठी पाण्याला कोणीतरी ‘बीज’ पुरवावे लागते. एखादा बर्फाचा कण, योग्य रचनेचा धूलिकण किंवा एखादा खडबडीत पृष्ठभाग असेल, तर त्याच्याभोवती पाण्याचे रेणू स्फटिकाच्या शिस्तीत रचले जातात. असे काहीच नसेल तर सूक्ष्म, शुद्ध थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतात.

७/
म्हणजे अर्धे उत्तर १७२४ सालीच हाती आले होते : गोठणबिंदूच्या खालीही पाणी पाणीच राहू शकते. पण हा प्रयोगशाळेतील एका गोळ्याचा चमत्कार होता. हजारो फुटांवरून पडणाऱ्या पावसाशी त्याचा संबंध जोडायचा, तर वर आकाशात नेमके काय चालते हे कळायला हवे होते. अठराव्या शतकातील निरीक्षकाकडे तापमापक होता, वायुभारमापक होता. पण ती उपकरणे अंगणात होती आणि पाऊस घडत होता ढगांत.

८/
हे अंतर पार करणाऱ्यांत ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ग्लेशर अग्रणी होता. १८६२ ते १८६६ या काळात त्याने शास्त्रीय निरीक्षणांसाठी बलूनमधून अनेक उड्डाणे केली. ५ सप्टेंबर १८६२ रोजी तो आणि बलूनचालक हेन्री कॉक्सवेल इतके उंच गेले, की विरळ हवेत ग्लेशर बेशुद्ध पडला. कॉक्सवेलचे हात थंडीने निकामी झाले होते. त्याने झडपेची दोरी दातांनी ओढली आणि दोघांचे प्राण वाचवले. हा प्रसंग बहुतेक ग्रंथांत येतो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र त्याचे दुसरे एक उड्डाण अधिक मोलाचे आहे.

९/
ते उड्डाण झाले १२ जानेवारी १८६४ रोजी, लंडनजवळच्या वुलिच येथून. वर जावे तशी हवा थंड होत जाते, हा सर्वसाधारण समज. ग्लेशरला मात्र सुमारे १,३०० फुटांवर नैर्ऋत्येकडून वाहणारा, जमिनीलगतच्या हवेपेक्षा उबदार असा प्रवाह लागला. तो हजारो फूट जाडीचा होता. त्याच्याही खूप वर गेल्यावर बारीक, दाणेदार हिम पडताना दिसले. हे हिम जमिनीपर्यंत पोहोचत नव्हते.

१०/
म्हणजे वर हिम, मधे उबदार हवा आणि खाली पुन्हा तुलनेने थंड हवा, अशी तीन मजली रचना ग्लेशरने स्वतःच्या तापमापकावर वाचली होती. इंग्लंडचा हिवाळा त्याच अक्षांशावरील इतर प्रदेशांहून सौम्य का, याचे एक कारण त्याने या उबदार प्रवाहात पाहिले. पण असा प्रवाह थंड हवेवर येऊन का बसतो, हे सांगणारा सिद्धान्त त्या काळात नव्हता. निरीक्षण वहीत राहिले. त्याचा अर्थ लागायला अर्धे शतक गेले.

११/
तो अर्थ लागला नॉर्वेतील बेर्गेन या बंदरात. हे शहर सुमारे ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, तिथे हिवाळाभर हिमच असणार. प्रत्यक्षात अटलांटिकच्या उबदार पाण्यामुळे बेर्गेनचा जानेवारीही सरासरीने शून्याच्या थोडा वर राहतो आणि हिवाळ्यात तिथे हिमापेक्षा पाऊसच अधिक पडतो. हिवाळी पावसाचे कोडे उलगडण्यासाठी याहून योग्य गाव शोधून सापडले नसते.

१२/
भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस १९१७ साली जर्मनीतील लाइपझिग सोडून बेर्गेनला आला. पहिले महायुद्ध चालू होते. नॉर्वे तटस्थ असला तरी अन्नधान्याची आयात आटली होती, आणि युद्धरत देशांनी हवामानाच्या तारा पाठवणे बंद केले होते. शेतकरी आणि मच्छीमार यांना अंदाज देणे ही देशाची तातडीची गरज बनली. ब्यर्कनेसने पश्चिम नॉर्वेत निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे उभारले. बाहेरची माहिती तुटल्यामुळेच घरची माहिती इतकी बारकाईने गोळा झाली.

१३/
त्या दाट नोंदींतून त्याचा मुलगा याकोब ब्यर्कनेस याने १९१९ साली वादळाची एक नवी आकृती मांडली. उबदार आणि थंड हवेचे प्रचंड समूह एकमेकांत सहजी मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये ठळक सीमा असते. या सीमेला बेर्गेनच्या मंडळींनी महायुद्धाच्या भाषेतून शब्द घेतला : ‘फ्रंट’, म्हणजे आघाडी. मराठी शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘सीमापृष्ठ’ म्हणतात.

१४/
उबदार हवा पुढे सरकते तेव्हा ती समोरच्या थंड हवेला एकदम हटवू शकत नाही. थंड हवा जड असते आणि जमिनीला धरून राहते. उबदार हवा तिच्यावर, एखाद्या लांबलचक उतारावरून चढावी तशी, हळूहळू चढत जाते. म्हणून जमिनीवरील माणूस थंडीत कुडकुडत असताना त्याच्या डोक्यावर एक-दोन किलोमीटरवर दूर दक्षिणेकडून आलेली उबदार हवा वाहत असू शकते. ग्लेशरने बलूनमधून पाहिलेल्या उबदार थरासारख्या थरांना आता कारण मिळाले.

१५/
तरी एक गाठ उरलीच होती. त्या उबदार थराच्या वरून पडणारे हिम आले कुठून? आणि मुळात ढगातील पाण्याचा पाऊस होतो तरी कसा? ढगातील थेंब इतके सूक्ष्म असतात की ते जवळजवळ तरंगतच राहतात. लाखो थेंब एकत्र यावेत तेव्हा कुठे पावसाचा एक थेंब बनतो. हे एकत्रीकरण एवढ्या वेगाने कसे घडते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी कोणालाही पटेल असे सांगता येत नव्हते.

१६/
या गाठीचे एक टोक आल्फ्रेड वेगेनरच्या हाती होते. भूखंडांच्या सरकण्याचा सिद्धान्त मांडणारा हाच तो वेगेनर. त्याचे मूळ क्षेत्र मात्र वातावरणशास्त्र. १९११ सालच्या ग्रंथात त्याने एक मुद्दा मांडला. अतिशीत थेंब आणि बर्फाचा स्फटिक शेजारी असतील, तर जी हवा थेंबाच्या दृष्टीने जेमतेम संपृक्त असते, ती स्फटिकाच्या दृष्टीने अतिसंपृक्त ठरते. परिणामी थेंबांचे बाष्प होत जाते आणि ते बाष्प स्फटिकावर जमते. थेंब झिजतात, स्फटिक वाढतो.

१७/
१९२२ च्या हिवाळ्यात बेर्गेन मंडळींतील तरुण स्वीडिश शास्त्रज्ञ टॉर बेर्गेरॉन ऑस्लोजवळच्या व्होक्सेनकोलेन या डोंगरावर विश्रांतीसाठी राहिला होता. डोंगरावर अनेकदा ढगच उतरलेला असे आणि बेर्गेरॉन फरच्या झाडीतील वाटेने फिरायला जाई. त्याला एक विसंगती जाणवली. तापमान शून्याच्या वर असले की धुके वाटेवर थेट जमिनीपर्यंत उतरे. तापमान शून्याच्या बरेच खाली गेले की तेच धुके झाडांच्या उंचीवर थबके आणि खालची वाट मोकळी राही.

१८/
बेर्गेरॉनला वेगेनरचा मुद्दा आठवला. कडाक्याच्या थंडीत फांद्यांवर दवहिम जमलेले असे. धुक्यातले थेंब अतिशीत होते. ते झिजत होते आणि त्यांचे बाष्प फांद्यांवरच्या बर्फावर जाऊन बसत होते. झाडे जणू धुके पिऊन टाकत होती. मग ढगातही हेच घडत असले पाहिजे, असे त्याने ताडले : असंख्य अतिशीत थेंबांत थोडेसे हिमस्फटिक निर्माण झाले की ते थेंबांच्या जिवावर झपाट्याने वाढतात, जड होतात आणि खाली पडू लागतात.

१९/
ही मांडणी त्याने १९३३ साली लिस्बनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सविस्तर केली. १९३५ साली ती छापली गेली, आणि पुढे जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फिंडायझेन याने तिला पुष्टी दिली. तिचा निष्कर्ष चकित करणारा होता. समशीतोष्ण प्रदेशांत पडणारा बहुतेक पाऊस जन्मतः हिमच असतो. वाटेत तो वितळतो, एवढेच. (उष्ण कटिबंधाचे गणित थोडे वेगळे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील मोसमी पावसाचा मोठा भाग उथळ ढगांतून येतो आणि तिथे हिमाचा टप्पा लागतच नाही.)

२०/
इथे मूळ प्रश्न उलटा होतो. थंड पावसाचे हिम का झाले नाही, असे विचारण्याऐवजी हिमाचे पाणी कुठे झाले, आणि झालेले पाणी पुन्हा का गोठले नाही, असे विचारावे लागते. याची उत्तरे तीन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार बेर्गेनचा. जमिनीलगतचे शेवटचे काही शे मीटर शून्याच्या वर असतात. हिम तिथे वितळते आणि माणसाला दोन-तीन अंशांचा गारठलेला पाऊस मिळतो. शेजारच्या डोंगरावर त्याच वेळी हिम पडत असते. सिमल्यात पाऊस आणि वरच्या कुफ्रीला हिम, हा आपल्याकडचा अनुभव याच जातीचा.

२१/
दुसरा प्रकार मॉन्ट्रियलचा. उबदार थर मधे असतो आणि खाली पुन्हा उणे तापमानाची हवा असते. मधला थर पुरेसा उबदार असेल, ढोबळमानाने ३ अंशांच्या वर, तर हिमकण पूर्ण वितळतो. त्याहून थोडा थंड असेल तर कणाच्या पोटात बर्फाचा अंश उरतो. हा उरलेला अंश म्हणजे फॅरनहाइटच्या गोळ्यात नसलेले बीज. खालच्या थंड हवेत शिरताच असा कण पुन्हा गोठतो आणि बर्फाच्या टणक मण्यांचा सडा पडतो. ते मणी उडतात, घरंगळतात. तारांना चिकटत नाहीत.

२२/
जो थेंब पूर्ण वितळला त्याच्याकडे बीज उरत नाही, आणि वेळही नसतो. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो. खालचा थंड थर ५०० मीटर जाडीचा असेल, तर थेंब तो सव्वा मिनिटात पार करतो. तेवढ्यात तो थंड होतो, अतिशीत होतो, पण गोठत नाही. फॅरनहाइटचा मोडलेला काचगोळा त्याला जमिनीवर भेटतो : तार, फांदी, छप्पर, रस्ता.

२३/
तिसऱ्या प्रकारात हिम कधी जन्मतच नाही. ढगाचा माथा फार थंड नसेल, उणे दहा अंशांपेक्षा वरच राहिला, तर स्फटिकांना जन्म देणारे धूलिकण बहुधा निष्क्रिय राहतात. थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि अतिशीत रिमझिम पडते. विमानांना तिचा मोठा धोका असतो. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात असे अतिशीत थेंब पंखांवर गोठल्याने एक प्रवासी विमान कोसळले आणि त्यातील सर्व ६८ जण मृत्युमुखी पडले.

२४/
मधला उबदार थर आहे की नाही, तो किती जाड आणि किती उबदार आहे, हे जमिनीवरून दिसत नाही. त्यासाठी दररोज वर जाऊन मोजणारे साधन हवे होते. १९२९ साली फ्रान्समध्ये रोबेर ब्यूरो याने आणि ३० जानेवारी १९३० रोजी सोव्हिएत संघात पावेल मोल्चानोव्ह याने लहान बलूनला तापमापक आणि रेडिओ प्रक्षेपक बांधून सोडला. हाच रेडिओसाँड. ग्लेशर जिवावर उदार होऊन जे मोजायला गेला, ते आता माणसाशिवाय मोजता येऊ लागले.

२५/
ज्ञान हाती आले म्हणजे ते लोकांपर्यंत पोहोचतेच असे नाही. जानेवारी १९४० च्या अखेरीस दक्षिण इंग्लंड आणि वेल्समध्ये ब्रिटनच्या नोंदींतील सर्वांत भीषण गोठणारा पाऊस झाला. खंडावरून आलेल्या गोठलेल्या हवेवर अटलांटिकची दमट, उबदार हवा चढली होती. तारा तुटल्या, टेलिफोनचे खांब मोडले, झाडांच्या फांद्या कोसळल्या. पक्ष्यांचे पंख बर्फाने जखडल्याने त्यांना उडता येईना. पण युद्ध सुरू झालेले होते, आणि हवामानाची बातमी शत्रूच्या विमानांना उपयोगी पडेल म्हणून तिच्यावर निर्बंध होते.

२६/
त्यामुळे या संकटाचे वर्णन वृत्तपत्रांत सुमारे पंधरवड्यानंतर आले. इतिहासाच्या अभ्यासकाने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवसांचे अंक चाळणाऱ्याला सारे सुरळीत असल्याचा भास होईल. खरी नोंद सापडते ती खासगी रोजनिश्यांत, उशिरा छापलेल्या वृत्तांत आणि हवामानशास्त्राच्या नियतकालिकांत. साधनांतील मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे. उलट, जुन्या नोंदीत ‘पाऊस पडताच गोठला’ असे एक वाक्य जरी मिळाले, तरी त्या दिवशी डोक्यावर उबदार हवेचा थर होता, हे आज सांगता येते.

२७/
आता पुन्हा जानेवारी १९९८. मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट, उबदार हवा उत्तरेकडे सरकत होती. त्याच वेळी ईशान्येकडील उच्चदाबाच्या क्षेत्रातून थंड हवा सेंट लॉरेन्स आणि ओटावा या नद्यांच्या खोऱ्यांत उतरत होती. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांत ही जड हवा एखाद्या पन्हळीतल्या पाण्यासारखी साचली. वर उबदार हवा, खाली थंड हवा. बेर्गेनच्या आकृतीतील उतार प्रत्यक्ष भूगोलाने धरून ठेवला.

२८/
गोठणारा पाऊस सहसा काही तासांत स्वतःच स्वतःला संपवतो. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते. त्या उष्णतेने जमिनीलगतची हवा हळूहळू शून्यावर येते आणि मग साधा पाऊस पडू लागतो. १९९८ साली तसे झाले नाही, कारण खोऱ्यातून ताजी थंड, कोरडी हवा सतत येत राहिली. ओटावा-मॉन्ट्रियल भागात अशा वृष्टीचे एकूण तास ८० च्या वर गेले. हे प्रमाण तिथल्या संपूर्ण वर्षाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट होते. काही ठिकाणी १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडले.

२९/
यात पणाला काय लागले होते, ते एका हिशेबावरून कळते. ३ सेंटिमीटर व्यासाच्या तारेवर चहूबाजूंनी ३ सेंटिमीटर जाडीचा बर्फ चढला, तर दर मीटरला सुमारे ५ किलो वजन वाढते. दोन मनोऱ्यांमधल्या ३०० मीटर तारेवर ते दीड टन होते, आणि एका मनोऱ्यावर अशा अनेक तारा असतात. एक मनोरा वाकला की त्याच्या तारांचा ताण शेजारच्याला ओढतो आणि मनोऱ्यांची रांगच्या रांग कोसळते. तेच पाणी हिम होऊन आले असते, तर रस्ते बुजले असते, फावडी चालली असती आणि तारांवरचे बरेचसे हिम वाऱ्याने झडून गेले असते.

३०/
९ जानेवारीला मॉन्ट्रियलच्या जलशुद्धीकरण केंद्रांची वीज गेली आणि आकाशातून अखंड पाणी पडत असलेल्या शहरावर पिण्याचे पाणी संपण्याची वेळ आली. शहराच्या दक्षिणेकडील सँ-यासँत, ग्रॅन्बी आणि सँ-झाँ या गावांमधल्या पट्ट्याला ‘काळा त्रिकोण’ हे नाव पडले. तिथल्या काही घरांत महिनाभर वीज आली नाही. दूध काढण्याची यंत्रे बंद पडल्याने गोठ्यांतील गाई आजारी पडल्या, आणि शीतगृहांअभावी दूध ओतून द्यावे लागले. मेपलची जुनी झाडे उभी चिरली. त्यांच्या गोड रसावर चालणारे व्यवसाय कित्येक वर्षे मागे गेले.

३१/
सुमारे १६,००० सैनिक मदतकार्यात उतरले. शाळा आणि सभागृहे निवारे बनली. तरीही कॅनडात पंचवीसहून अधिक माणसे दगावली. काही थंडीने गेली, काही बंद घरात पेटवलेल्या शेगड्यांच्या विषारी वायूने, काही आगींत. ज्या देशाने उणे तीस अंशांची थंडी अंगवळणी पाडून घेतली होती, त्याला शून्याच्या एक-दोन अंश खालच्या पावसाने गाठले. कारण तिथली घरे, चुली आणि दिवे सारे त्या तारांवर टांगलेले होते.

३२/
क्वेबेक सरकारने अभियंता रोजे निकोले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्यानंतर वीजजाळ्याची पुनर्रचना झाली. मनोऱ्यांच्या रांगेत ठरावीक अंतरावर अधिक भक्कम मनोरे बसवण्यात आले, म्हणजे एक पडला तरी पडझड तिथवरच थांबावी. पर्यायी वाहिन्या जोडल्या गेल्या. तारांवरचा बर्फ वितळवण्याची यंत्रणाही उभारली गेली. पाऊस थांबवणे कोणाच्याच हाती नव्हते. आपल्या डोक्यावर कधीही असा थर येऊन बसू शकतो, हे धरून बांधणे तेवढे हाती होते.

३३/
तेव्हा हिवाळ्यातील पाऊस हिम का होत नाही, याचे उत्तर अंगणातील तापमापकात सापडत नाही. ते वर असते, एक-दोन किलोमीटरवर, दोन-तीन अंशांच्या फरकात. फॅरनहाइटने पाण्याचा स्वभाव पाहिला, ग्लेशरने थर पाहिला, ब्यर्कनेस पितापुत्रांनी थराचे कारण सांगितले आणि बेर्गेरॉनने थेंबाचा जन्म शोधला. आजही जगभरातील शेकडो केंद्रांवरून दिवसातून दोनदा रेडिओसाँड बांधलेले बलून सोडले जातात. हिवाळ्यात कॅनडातील अंदाजकर्ते त्या आलेखावर जे प्रथम शोधतात, त्यात एक गोष्ट ठरलेली असते : तापमानाची रेघ वर जाताना मधेच शून्याच्या उजवीकडे झुकते का.

(समाप्त)